गळलेल्या ओळींची कविता

1920 साली स्पेनमधले नामवंत भाषापंडित रामोन मेनेन्देस पिदाल जुनी कथागीतं गोळा करायला ग्रानादाला आले. अल्बाईसिनच्या गल्ल्यांमधून आणि साक्रोमोन्तेच्या जिप्सी वस्तीतून त्यांना हिंडवणारा वाटाड्या होता बावीस वर्षांचा कवी फेदेरिको गार्सिआ लोर्का. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पाठ असलेले ‘रोमान्से’ गात होती आणि पंडित ते उतरवून घेत होते. आठ अक्षरांची ओळ, एकाआड एक ओळीला स्वरांचं यमक, आणि मध्येच सुरू होऊन मध्येच थांबणारी गोष्ट, असं या गीतांचं रूप.

पिदाल यांचं या गीतांबद्दलचं एक निरीक्षण फार मोलाचं आहे. तोंडोतोंडी जाताना गीतातली कडवी गळतात आणि कित्येकदा त्यामुळेच ते गीत खुलतं, असं त्यांना आढळलं. काउंट आर्नाल्दोसचं गीत हा त्याचा प्रसिद्ध दाखला. सेंट जॉनच्या सणाच्या सकाळी ससाणा घेऊन शिकारीला निघालेल्या काउंटला रेशमी शिडांचं गलबत दिसतं. खलाशाच्या गाण्याने समुद्र शांत झालेला असतो. काउंट ते गाणं मागतो. जो सोबत येईल त्यालाच ते मिळेल, असं उत्तर येतं आणि गीत तिथेच संपतं. मोरोक्कोतल्या ज्यू कुटुंबांमध्ये याच गीताचं लांबलचक रूप सापडलं. त्यात काउंट गलबतावर चढतो, ते त्याच्याच माणसांचं निघतं आणि तो घरी पोचतो. गोष्ट पुरी झाली आणि तिची जादू गेली.

लोर्काच्या कवितेतलं स्वप्न याच गळतीतून आलेलं आहे. ते सर्रास सर्रिॲलिझमच्या खात्यावर जमा केलं जातं, पण तारखा वेगळं सांगतात. आंद्रे ब्रेतोंचा सर्रिॲलिझमचा जाहीरनामा निघाला 1924 मध्ये. ‘पोएमा देल कान्ते होन्दो’ या संग्रहातल्या बहुतेक कविता लोर्काने 1921 च्या अखेरीस लिहून ठेवल्या होत्या. सिगिरिया, सोलेआ, पेतेनेरा हे आंदालुसियाच्या गाण्याचे प्रकार. या कवितांमध्ये हे प्रकारच बायका होऊन येतात. सोलेआ काळ्या वस्त्रांत येते, पेतेनेरा तर मरते आणि तिची अंत्ययात्राही निघते. पुस्तक मात्र छापून यायला 1931 उजाडलं.

कविता लिहून होताच लोर्का मैदानात उतरला. कॅफेंच्या रंगमंचावर ‘कान्ते होन्दो’ हे आंदालुसियाचं गाणं उथळ होत चाललं आहे, ही संगीतकार मानुएल दे फाया यांची कळकळ होती. 1922 च्या फेब्रुवारीत लोर्काने त्यावर व्याख्यान दिलं आणि 13 व 14 जूनला आलाम्ब्राच्या आवारात कान्ते होन्दोची स्पर्धा झाली. एकवीस वर्षांवरच्या धंदेवाईक गायकांना मज्जाव होता. बक्षीस पटकावणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेला दिएगो बेर्मुदेस होता, तसाच जेमतेम बारा वर्षांचा मानोलो काराकोलही. हा पोरगा पुढे फ्लामेंकोतला मोठा गायक झाला.

मग आलं ‘रोमान्सेरो हितानो’, म्हणजे जिप्सी कथागीतं. 1928 साली निघालेल्या या अठरा कथागीतांनी लोर्काला घराघरात पोचवलं. त्यातल्या निद्राभ्रमणाच्या गीताजवळ थोडं थांबायला हवं. जखमी तरुण डोंगरातून येतो आणि एका म्हाताऱ्याशी सौदा मांडतो: घोडा घे, घर दे, खोगीर घे, आरसा दे, सुरी घे, घोंगडी दे. बाजारातल्या देवघेवीसारखी ही साधी भाषा. पण म्हातारा म्हणतो, घर आता माझं राहिलेलं नाही. का राहिलं नाही, तरुणाला कुणी जखमी केलं, हौदावरची मुलगी कधी मेली, यातलं काहीच सांगितलं जात नाही. फक्त हिरवा रंग पालुपदासारखा परतपरत येतो. या गीतात नेमकं काय घडतं ते आपल्यालाही ठाऊक नाही, असं खुद्द लोर्काने एका व्याख्यानात सांगितलं. आर्नाल्दोसच्या गीताची तऱ्हा त्याने अशी अंगी मुरवली होती.

या यशाचा त्याला जाचही झाला. ‘जिप्सींचा कवी’ हा शिक्का त्याला नकोसा होता आणि पुस्तक निघण्याच्या वर्षभर आधीच त्याने कवी होर्हे गियेनला पत्रातून तसं कळवलं होतं. पुस्तक आल्यावर मित्र साल्वादोर दालीने ते जुन्या कवितेत अडकलं आहे म्हणून झोडपलं. 1929 मध्ये लोर्का न्यूयॉर्कला गेला आणि मुक्तछंदात लिहू लागला. लोकगीत मात्र त्याने सोडलं नाही. 1931 साली ‘ला आर्खेन्तिनिता’ या नर्तकी-गायिकेसोबत त्याने लोकगीतांच्या पाच तबकड्या केल्या. गाणं तिचं, पियानो त्याचा.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते 1928 च्या डिसेंबरमध्ये माद्रिदच्या विद्यार्थी निवासात त्याने अंगाईंवर दिलेलं व्याख्यान. श्रीमंतांच्या मुलांना लोकगीतं मिळाली ती दायांकडून आणि मोलकरणींकडून, हे त्याने कृतज्ञतेने मांडलं. त्याचं स्वतःचं बालपणही असंच गेलं होतं. तिकडचा बागुलबुवा म्हणजे ‘कोको’. त्याला रूपच नाही आणि त्याची सगळी ताकद त्यातच आहे, हेही त्याने दाखवून दिलं. त्याच व्याख्यानात एक अंगाई होती: कुणी एक माणूस घोड्याला पाण्यावर नेतो आणि पाणी पिऊ देत नाही. माणूस कोण, अडवतो का, याचा पत्ता नाही.

8 मार्च 1933 रोजी माद्रिदच्या बेआत्रिस नाट्यगृहात लोर्काच्या ‘बोदास दे सांग्रे’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. दुसऱ्या प्रवेशात बाळाची आई आणि आजी त्याला जोजवताना गातात ती हीच अंगाई, मात्र आता घोडा स्वतःच पाणी नाकारतो. गाणं थांबतं आणि बाळाचा बाप लेओनार्दो घरात येतो. त्याचा घोडा रात्रीबेरात्री कुणाच्या अंगणापर्यंत दौडतो, हे बायकोने अजून विचारलेलंही नसतं.