टाळू, करंगळी आणि स्किझोफ्रेनिया

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दवाखाना बंद करायच्या सुमारास एक गृहस्थ धाकट्या मुलाला घेऊन आले. मुलगा अकरावीतला. ताप नाही, खोकला नाही. "डॉक्टरसाहेब, याचा तळहात जरा बघता का? आणि तोंडातली टाळू?"

मी चक्रावलो. मग आठवले. त्यांच्या थोरल्याला स्किझोफ्रेनिया आहे. माझीच चिठ्ठी घेऊन तो मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला होता. त्याला तपासताना मी बोलून गेलो होतो, "टाळू बरीच उंच आहे, करंगळीही आत वळलेली. जन्मापासूनच्या अशा खुणा या रुग्णांत जरा जास्त दिसतात." डॉक्टरचे सहज बोललेले वाक्य घरात किती काळ मुक्काम करते, ते त्या संध्याकाळी मला कळले. आजीने सुनेला विचारले होते म्हणे, "ग्रहण पाळलं नव्हतंस ना?" तेव्हापासून ती बाई गप्प होती.

तेव्हा वाचकहो, जे मी अर्धवट सांगितले ते आज पुरते सांगतो.

गर्भाच्या ज्या बाहेरच्या थरापासून मेंदू तयार होतो, त्याच थरापासून त्वचा आणि केसही तयार होतात. चेहऱ्याची घडणही त्याच सुरुवातीच्या महिन्यांत, मेंदूच्या जोडीने होते. त्या काळात घडणीत थोडा फरक पडला, तर त्याची खूण अंगावर राहू शकते. टाळू उंच व अरुंद, दोन डोळ्यांत जास्त अंतर, कान किंचित खाली, कानाची पाळी चिकटलेली, करंगळी वळलेली, तळहातावर एकच आडवी रेघ, पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटात मोठी फट, डोक्यावर दोन भोवरे. (दोन भोवरे म्हणजे दोन लग्ने, असे आमची आजी म्हणे. मला दोन आहेत. अठ्ठावीस वर्षे एकाच बाईशी संसार चालू आहे.)

अशा खुणांची यादी अमेरिकेत मेरी वॉल्ड्रॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली मांडली, तीही बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी. पुढे ती स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना लावून पाहिली गेली. निरोगी माणसांच्या गटापेक्षा रुग्णांच्या गटात खुणा सरासरीने जास्त आढळतात, हे अनेक अभ्यासांत दिसले. पण ऑटिझममध्येही त्या जास्त दिसतात आणि धडधाकट माणसांतही भरपूर सापडतात. त्यामुळे एकट्या माणसाची करंगळी पाहून काहीही सांगता येत नाही.

खुणा जास्त म्हणजे आजार जास्त, असे तरी आहे का? काही अभ्यासकांना खुणांचा संबंध लवकर सुरू होणाऱ्या आजाराशी, किंवा अबोलपणा, निरुत्साह, विचारशक्ती मंदावणे अशा लक्षणांशी आढळला. इतरांना तो आढळला नाही. माझ्यासारख्या साध्या डॉक्टरने त्यावरून रुग्णाचे भविष्य सांगू नये हे बरे.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. २२व्या गुणसूत्राचा छोटासा तुकडा काही जणांत जन्मतःच नसतो. हृदयाचा जन्मजात दोष, टाळूला फट किंवा नाकातून बोलणे, रक्तात कॅल्शियम कमी अशी लक्षणे त्यांच्यात दिसतात, आणि मोठेपणी त्यांच्यापैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. मनोरुग्णाच्या बाबतीत असे काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्याची रक्ततपासणी आहे.

ग्रहणाचा यात काडीचा संबंध नाही. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली. तिच्या ऐन भरात गर्भ राहिलेल्या मुलांत हा आजार पुढे सुमारे दुप्पट आढळला. तरीही त्यांतली बहुतेक मुले ठीकच राहिली. आणि त्या आयांचा काय दोष? घरात अन्नच नव्हते.

मुलाची टाळू मी पाहिली, कारण तो त्यासाठीच आला होता. उंच होती. करंगळी वळलेली होती. मग मी वडिलांना म्हटले, "तुमचा हात ठेवा शेजारी." त्यांची करंगळी तशीच! गृहस्थ स्वतःच्या हाताकडे बघतच राहिले.

त्यानंतर मी मुलाला वेगळेच प्रश्न विचारले. झोप येते का? मित्र तुटलेत का? आंघोळ, जेवण, अभ्यास अचानक सुटलाय का? कोणी पाळत ठेवतंय, नसलेला आवाज ऐकू येतोय असं वाटतं का? घरच्यांनी लक्ष ठेवायचे ते यावर. भावंडाला धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे खरे, पण दहातल्या नऊ भावंडांना हा आजार होत नाही. शंका आली तर महिने घालवू नका. जिल्हा रुग्णालयात दाखवा, किंवा १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर बोला. फोनला पैसे पडत नाहीत. हा मुलगा क्रिकेटच्या टीममध्ये होता आणि वडिलांनी इथे आणले म्हणून त्याला भारी राग आलेला होता.

"उद्या मिसेसना पाठवा," मी म्हटले. त्या आल्या, सासूबाईंना बरोबर घेऊन. मी दोघींना समोर बसवले आणि झाली ती चूक माझ्या जिभेची, असे आधी कबूल केले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. निघताना त्यांनीच विचारले, "थोरल्याची रात्रीची गोळी जेवणाआधी की नंतर?"