एक तार, दोन संगणक

निर्मलच्या आमच्या घरी इंटरनेटची तार एकच. लेकीची ऑनलाइन परीक्षा आणि माझी मुद्रितं मात्र एकाच संध्याकाळी आली. मी स्विच आणून जोडला. एक संगणक चालला, दुसरा अडून बसला. जोडणी देणाऱ्याकडून सहसा पत्ता एकच मिळतो. स्विच तारा वाढवतो, पत्ते नाही. इथं राउटर हवा. बाहेरची तार ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेत, संगणक ‘लॅन’च्या खाचांत. तो घरात बहुधा १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते वाटतो, बाहेर स्वतःचाच सांगतो. आलेलं उत्तर कोणाचं, हे पोर्ट क्रमांकावरून ओळखतो; वाड्याच्या दारावरचा कारभारीच! सुमारे ४३० कोटी पत्ते जगाला पुरणार नाहीत, म्हणून १९९४ साली ही पत्ताबदलाची युक्ती मांडली गेली. वेग मात्र वाटला जातोच. लेकीचा पेपर संपेपर्यंत मी मुद्रितं रोखून धरली.