धाबे गेले, स्लॅब आला. निगा मात्र राहिली

खानदेशातून सुरतेस येऊन वसलेल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना धाब्याचे घर काय ते सांगावे लागत नाही. लाकडी तुळया, त्यांवर कडीपाट आणि सर्वांवर पांढऱ्या, खाऱ्या मातीचा जाड थर, असे ते छत. मृग लागण्यापूर्वी घरधनी स्वतः धाब्यावर चढे, भेगा बुजवी आणि नवी माती पसरी. एक वर्ष चुकले तर पावसाचे पाणी अंथरुणावर येणार, हे घरातील लहान पोरालाही ठाऊक असे.

पुढे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आपली माणसे यंत्रमागांच्या आधाराने स्थिरावली, पै-पै साठवून त्यांनी घरे बांधली आणि त्यांवर सिमेंट काँक्रीटचा स्लॅब घातला. स्लॅब भरण्याच्या दिवशी नारळ फुटला, कारागिरांची जेवणे झाली, आणि आता छताची काळजी जन्माची मिटली, अशी आम्हां सर्वांची समजूत झाली. ही समजूत किती महाग पडते, याचा अनुभव आम्ही घेतला आहे. तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या मागच्या खोलीच्या छतावर प्रथम तांबूस डाग दिसला. मग सरळ रेषेत एक बारीक भेग गेली. ओळखीच्या एका कारागिराने सैल झालेला गिलावा काढून नवा केला, वर रंग दिला. दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे पुन्हा सुटले. पुन्हा गिलावा झाला. असे तीनदा झाले. नंतर श्रावणातील एका पहाटे हातभर रुंदीचा काँक्रीटचा खपला खाली कोसळला. ज्या खाटेवर तो पडला, तिच्यावर रोज आमचा नातू झोपत असे. त्या रात्री तो हट्टाने आजीजवळ निजला होता, एवढेच आमचे भाग्य.

त्यानंतर आम्ही एका जाणत्या अभियंत्यास बोलावले. त्यांनी छतावर हातोडीने जागोजाग हलके ठोकून पाहिले. निरोगी काँक्रीट खणखणीत वाजते, आतून सुटलेले भद्द वाजते. मग ताज्या फोडलेल्या भागावर त्यांनी फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले. आतील बाजूस गुलाबी रंग चढला. सळ्यांपर्यंतचा बाहेरचा भाग मात्र कोराच राहिला. ते म्हणाले, "काका, दुखणे आतले आहे आणि तुम्ही तीनदा वरून मलम लावलेत."

त्यांनी समजावून दिलेली मीमांसा अशी. चांगले काँक्रीट अल्कधर्मी असते व त्या गुणामुळेच आतील लोखंड गंजापासून सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डायॉक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत जातो, तसतसा हा गुण नाहीसा होतो. गुलाबी रंग जेथे चढला नाही तेथे तो संपला होता. त्यात गच्चीवरील पाणी झिरपले की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आणि त्या रेट्याने बाहेरचे काँक्रीट फुटते. काँक्रीट कालवताना खारे पाणी अगर खारट रेती वापरली असेल, तर हेच संकट लवकर ओढवते. समुद्र जवळ असलेल्या आणि पुराशी जुनी ओळख असलेल्या सुरतेत हे विसरून चालणार नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने शहराचा मोठा भाग बुडविला, तेव्हा कित्येक घरांचे तळमजल्याचे खांब पाण्यात उभे होते.

ज्यांची मुले कॅनडा-अमेरिकेत आहेत, त्यांना तेथील तक्रारही ऐकू येते. तेथे घरापुढील काँक्रीटच्या वाटेचे पापुद्रे निघतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांना आतून फोडते. बर्फ वितळविण्यासाठी टाकलेले मीठ त्यात भर घालते. म्हणून तेथे काँक्रीट कालवतानाच त्यात हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे राखतात, म्हणजे गोठणाऱ्या पाण्याला फुगण्यास जागा मिळते. तेथे हिम, येथे गंज. पण काँक्रीटमध्ये शिरणारे पाणी हा शत्रू दोन्हीकडे एकच.

आमच्या छताची खरी दुरुस्ती पुढील क्रमाने झाली. प्रथम गच्चीची गळती बंद केली. कारण पाणी येत असता खालून केलेले काम व्यर्थ होय. जुना फुटका कोबा काढून नवा घातला, पाणी नळीकडे वाहून जाईल असा उतार दिला आणि गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून पारख केली. मग स्लॅबला खालून टेकू दिले. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत छिनले, गंज तारेच्या ब्रशाने घासून लोखंड उजळ केले, ज्या सळ्या फार झिजल्या होत्या त्यांना नव्या सळ्यांची जोड दिली. त्यावर गंजरोधक लेप, मग पॉलिमर मिसळलेला मसाला थराथराने भरला व त्यास नेमाने पाणी दिले. खर्च तीन गिलाव्यांच्या एकूण खर्चाहून पुष्कळ अधिक आला. परंतु तीन गिलाव्यांचे पैसे पाण्यातच गेले होते.

जे आता घर बांधीत आहेत, त्यांनी चार गोष्टी स्वतः उभे राहून पाहाव्यात. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीस साधारण २५ लिटरपेक्षा जास्त पाणी नसावे. काम सोपे जावे म्हणून कारागीर बादली वाढवितो आणि काँक्रीट पोकळ होते. सळ्यांखाली ठोकळे ठेवून स्लॅबच्या तळाशी किमान २० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण राखावे. खाऱ्या हवेत ते अधिक हवे. पाणी पिण्यासारखे गोडे असावे. स्लॅबवर वाफे करून साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, राखमिश्रित सिमेंटला १० दिवस पाणी साठवावे. उन्हाळ्यात १४ दिवस बरे. या पाण्यास पैसा लागत नाही, तरी सर्वांत अधिक कुचराई येथेच होते. आणि पुढे मजला वाढवायचा असल्यास अभियंत्यास विचारल्यावाचून वाढवू नये. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात सुरतेतही इमारती कोसळल्या आणि माणसे गेली, हे आपण विसरलेलो नाही.

धाब्याच्या घरात राहणारी आपली माणसे शिकलेली नव्हती; पण छत हे दरवर्षी हाताखालून गेले पाहिजे, एवढे त्यांना कळत होते. सिमेंट आल्यावर आपण माती टाकली, तिच्याबरोबर ती सवयही टाकली. या वर्षी मृगापूर्वी आम्ही पुन्हा गच्चीवर चढलो, नळीतील पाने काढली, कोब्यावरची एक बारीक भेग बुजविली. नातू बरोबर होता. "आजोबा, हे दरवर्षी करायचं?" असे त्याने विचारले. आम्ही हो म्हटले, आणि मसाल्याची थापी त्याच्या हाती दिली.