छंद म्हणजे श्रीमंतांचे चोचले नव्हेत

"आम्हाला कुठले छंद? पोटाची खळगी भरता भरता दिवस मावळतो." उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांतून फिरताना हे वाक्य हमखास कानी पडते. पहाटेची लोकल, आठ-दहा तासांची ड्युटी, परतीला दारात लोंबकळणे, आणि पाण्याची वेळ चुकली की घरात कटकट. म्हणणाऱ्याचे काही चुकत नाही. तरीही बंधू-भगिनींनो, या गोष्टीचा जरा शांतपणे विचार करू या.

आपल्याकडे कलेविषयी जी अढी आहे, तिला इतिहास आहे. वाजविणे, नाचणे ही कामे पूर्वी जातीने गळ्यात मारलेली होती. नाही म्हणण्याची सोय नव्हती. बाबासाहेबांच्या हाकेसरशी समाजाने गावकीची कामे झुगारली, ते योग्यच झाले. पण आजही मुलाने ढोलकीला हात लावला की काही घरांत वडीलधारे डोळे वटारतात. जुलमाने करावी लागते ती वेठ. स्वखुशीने करतो तो छंद. हा फरक आधी आपण समजून घ्यावा, मग मुलांवर ओरडावे.

आपल्या जलसाकारांनी हा फरक कधीच ओळखला होता. 1930 च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी तमाशाचा बाज उचलला, पण त्यात शिक्षणाचा आणि स्वाभिमानाचा विषय भरला. जे वेठीचे होते तेच चळवळीचे हत्यार झाले. वामनदादा कर्डक (1922-2004) हे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. मुंबईत मोलमजुरी करताना, ऐन तारुण्यात त्यांना अक्षरओळख झाली आणि दुकानांच्या पाट्या वाचून त्यांनी वाचन पक्के केले. पुढे त्यांनी किती गीते लिहिली हे वाचकांना सांगायला नको. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले, चित्रकलेचाही सराव केला. कार्यक्रम करून टाळ्या मिळवायच्या होत्या म्हणून नव्हे!

आता आपल्या गल्लीत या. उल्हासनगरात जीन्सची शिलाई मोठी. उरलेल्या तुकड्यांच्या गोधड्या आपल्या माता-भगिनी शिवतात. कापड जाड, साधी सुई मोडते, टाका घालताना बोटे दुखतात. तरी दुपारी उंबऱ्यावर चौघीजणी बसल्या की हात चालतात आणि तोंडही. मुलीची फी, नवऱ्याची दारू, रेशन कार्डावरचे चुकलेले नाव, सगळे तेथे निघते. महिला मेळाव्याला दहा वेळा बोलावूनही ज्या येत नाहीत, त्या तेथे मोकळ्या होतात. कार्यकर्त्यांनी यावरून काही शिकावे. आणि "एक गोधडी केवढ्याला जाईल?" असे लगेच विचारू नये. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही हे सांगतो. विकली गेली तर उत्तमच, पण प्रत्येक टाक्याचा हिशेब मांडला की छंदाचीही ड्युटी होते.

पुरुषांचा प्रश्न अधिक अवघड आहे. अंबरनाथची विमको काडेपेटी कंपनी बंद झाली, तसे या पट्ट्यातले इतरही कारखाने बंद पडले. अचानक रिकाम्या झालेल्या माणसाला गुत्ता जवळचा वाटतो. गाण्याच्या पार्टीत वा बुद्धविहाराच्या वाचनालयात ज्याची कोणीतरी वाट पाहते, त्याला संध्याकाळी जायला निदान दुसरे एक ठिकाण असते.

खर्चाचे म्हणाल, तर 1953 साली स्थापन झालेले महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ आपल्याच पैशांवर चालते. कंपनीत जून व डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधीची कपात होते. मालक व शासनही आपला वाटा घालतात. मंडळाच्या केंद्रांतून शिवणवर्ग, वाचनालये चालतात, कामगारांच्या नाट्यस्पर्धा होतात. पैसे आपण भरतो आणि केंद्राचा पत्ताही आपल्याला ठाऊक नसतो! येत्या सुट्टीला जवळचे केंद्र शोधून, पगाराची पावती सोबत घेऊन चौकशी करावी. पावतीवर ही कपात दिसत नसेल, तर आधी आपल्या कंपनीतील हिशेबनीसाला विचारावे.