पाखरांची शिदोरी

पौषाची थंडी पडली, की नांदेड-लातूरकडील काळ्या रानात रब्बीची ज्वारी हुरड्यास येते. टपोरी कणसे वाऱ्यावर डोलू लागतात आणि शेताच्या मध्यभागी उभारलेल्या माळ्यावर राखणदार गोफण घेऊन उभा राहतो. सकाळचे ऊन पडते न पडते तोच क्षितिजावर एक काळा ढग उठलेला दिसतो. तो वळतो, पसरतो, आकसतो आणि पाहता पाहता कलकलाट करीत शेतात उतरतो. हा भोरड्यांचा थवा होय. मग माळ्यावरून हाकारे घुमतात, गोफणीचे दगड सुटतात आणि तो जिवंत ढग उठून शेजारच्या शेताकडे जातो.

राखणदाराला या पाखरांचा राग यावा, यात नवल नाही. वर्षभराच्या कष्टांचे दाणे डोळ्यांदेखत जात असतात. परंतु ही पाखरे येथवर कशी आली, हे त्याला कळले, तर रागाबरोबरच त्याच्या मनात आश्चर्यही दाटून येईल.

भोरडी हे साळुंकीच्या कुळातील पाखरू. डोके, पंख व शेपटी काळी. पाठ व पोट गुलाबी. वजन सुमारे पाऊणशे ग्रॅम, म्हणजे मुठीत मावेल एवढा हा जीव. याची घरटी मात्र आपल्याकडे आढळत नाहीत. ती असतात कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत आणि त्याच्याही पश्चिमेस, पार पूर्व युरोपापर्यंत. नांदेडहून कझाकस्तानची अगदी जवळची सीमा धरली, तरी सरळ रेषेत सुमारे अडीच हजार किलोमीटर अंतर भरते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ही पाखरे आपल्या मुलखात येतात आणि चैत्राच्या सुमारास माघारी जातात. एवढ्याशा जीवाला एवढी मजल कशी झेपते?

मनुष्याला या प्रवासाची माहिती मोठ्या चिकाटीने मिळवावी लागली. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९३१ साली हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी आरंभिली. त्या काळी नांदेड व लातूर ही गावे त्याच संस्थानात होती. पुढे १९५९ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी घालण्याची मोठी योजना हाती घेतली. कडे घातलेला पक्षी दूरदेशी सापडला, की त्याचा प्रवास कळत असे. आता तर पाठीवर बसविता येईल असे चिमुकले यंत्र उपग्रहामार्फत पक्ष्याचा ठावठिकाणा कळविते. या साऱ्या अभ्यासातून एक गोष्ट स्पष्ट झाली. लांबचा प्रवास पक्षी केवळ पंखांच्या बळावर करीत नाही. तो काटकसरीच्या बळावर करतो.

प्रवासाला निघताना आपण शिदोरी बांधून घेतो. पक्ष्याला गाठोडे कसे नेता येणार? म्हणून तो आपली शिदोरी अंगातच बांधतो. ही शिदोरी म्हणजे चरबी. प्रस्थानाचा काळ जवळ आला, की पक्ष्याची भूक विलक्षण वाढते. तो दिवसभर खात सुटतो आणि खाल्लेल्या अन्नाची चरबी कातडीखाली व पोटात साठवितो. कित्येक लहान पक्ष्यांचे वजन या काळात जवळजवळ दुप्पट होते.

पण चरबीच का? त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. एक ग्रॅम पिष्ट पदार्थापासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. एक ग्रॅम चरबीपासून सुमारे ९. शिवाय पिष्ट शरीरात साठवायचे, तर त्याबरोबर कितीतरी पाणीही साठवावे लागते. चरबी कोरडीच साठते. म्हणजे कमीत कमी वजनात जास्तीत जास्त ऊर्जा! दुसरा लाभ असा, की शरीरात चरबी जळाली म्हणजे तिच्यापासून पाणी तयार होते. एक ग्रॅम चरबीमागे सुमारे एक ग्रॅम. अशा रीतीने एकाच शिदोरीत पक्ष्याची भाकरीही असते आणि पाण्याचा तांब्याही.

शिदोरी जड झाली, तर दुसरे ओझे कमी केले पाहिजे. पायी वारीला निघालेला वारकरी घरची सारी भांडीकुंडी बरोबर घेत नाही. पक्षीही तसेच करतो. त्याची बरीच हाडे पोकळ असतात, हे तर तुम्ही जाणताच. परंतु काही पक्षी याच्याही पुढे जातात. उत्तर अमेरिकेतील अलास्कात पाणटिवळ्याच्या जातीचा एक लांब चोचीचा पक्षी राहतो. प्रवासाला निघण्यापूर्वी त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग चरबीचाच असू शकतो. वाटेत खावयाचे नाही, मग पचनाची इंद्रिये मोठी कशाला हवीत? म्हणून त्याचे आतडे, जठर व यकृत आकसून लहान होतात आणि मुक्कामी पोहोचल्यावर पुन्हा वाढतात. २०२२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात या जातीचे केवळ पाच महिन्यांचे एक पिल्लू अलास्काहून उडाले, ते अकरा दिवसांनी ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर उतरले. १३,५६० किलोमीटरांच्या या वाटेत अथांग महासागर पसरलेला होता. त्या पिल्लाने वाटेत अन्नाचा एक कणही घेतला नव्हता.

शिदोरी कितीही भरलेली असली, तरी ती पुरवून वापरणे अगत्याचे असते. त्यासाठी पक्षी हवेची मदत घेतो. उन्हाच्या वेळी माळरानावर वावटळ उठते, ती तुम्ही पाहिली असेल. जमीन तापली, की तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढू लागते. अशा चढत्या हवेत घार पंख न हलविता गिरक्या घेत उंच जाते. हिवाळ्यात मराठवाड्याच्या जलाशयांवर येणारे कांड्या करकोचेही प्रवासात हीच युक्ती योजतात. चढत्या हवेच्या खांबावर आरूढ होऊन ते वर जातात आणि तेथून पंख पसरून पुढे घसरत दुसरा खांब गाठतात. पंख मारण्याचे बरेचसे श्रम अशा प्रकारे वाचतात.

समुद्रावर असे खांब सहसा मिळत नाहीत. तेथे पाठीमागून वाहणारा वारा उपयोगी पडतो. अमूर ससाणा हा जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा पक्षी. तो पूर्व आशियातून येऊन ईशान्य भारतात थांबतो आणि पुढे आफ्रिकेला जातो. २०१३ सालच्या नोव्हेंबरात नागालँडमध्ये अशा तीन ससाण्यांच्या पाठीवर यंत्रे बसविण्यात आली. भारताचे द्वीपकल्प व त्यापुढील अरबी समुद्र ओलांडून हे पक्षी आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. त्या दिवसांत आपल्याकडे ईशान्येकडून वारे वाहतात. त्या वाऱ्याने पाठीवर थाप दिली नसती, तर एवढ्या लहान जीवाची शिदोरी समुद्राच्या मध्येच संपली असती.

पट्टकादंब नावाचे हंस तिबेट व मंगोलियाकडून हिमालय ओलांडून भारतात येतात. पैठणच्या नाथसागरावर ते हिवाळ्यात दिसतात. ७,००० मीटरांहूनही अधिक उंचीवर त्यांच्या उड्डाणाची नोंद झालेली आहे. तेथे हवा इतकी विरळ असते, की पंखांना आधार मिळत नाही आणि श्वासालाही प्राणवायू अपुरा पडतो. हे हंस काय करतात? एकदा उंची गाठली, की तेथेच राहावे असा हट्ट ते धरीत नाहीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून असे दिसले, की ते डोंगराबरोबर वर चढतात आणि दरी आली की पुन्हा खाली उतरतात. पुन्हा चढण्याचे श्रम पडले, तरी खालच्या दाट हवेत उडण्याने जी बचत होते, ती त्याहून मोठी असते. रात्री व पहाटे हवा थंड आणि दाट असते. म्हणून त्यांचा बराचसा प्रवास त्याच वेळी घडतो.

सोबतीनेही श्रम हलके होतात. हंसांची वा करकोच्यांची रांग आकाशातून बाणाच्या टोकासारखी जाताना दिसते, ती केवळ शोभेसाठी नसते. पंख खाली मारला, की त्याच्या टोकाबाहेरची हवा वर उसळते. मागचा पक्षी नेमका त्या उसळत्या हवेवर आपला पंख ठेवतो. २००१ साली शास्त्रज्ञांनी रांगेत उडणाऱ्या झोळीवाल्यांच्या, म्हणजे पेलिकन पक्ष्यांच्या, हृदयाचे ठोके मोजले. ते एकट्याने उडणाऱ्या पक्ष्यापेक्षा कमी भरले. रांगेतील पुढच्या पक्ष्याला हा लाभ मिळत नाही. म्हणून काही जातींचे पक्षी पाळीपाळीने पुढे होतात. दिंडीत जशी वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तशीच ही पाळी!

आता प्रवासातील शेवटच्या, परंतु सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. बहुतेक पक्षी सारी वाट एका दमात तोडीत नाहीत. ते टप्प्याटप्प्याने जातात आणि प्रत्येक मुक्कामी रिकामी शिदोरी पुन्हा भरून घेतात. कोठे गवताळ माळ, कोठे खाडी, कोठे तलाव. हे त्यांचे मुक्काम. यांतील एखादा मुक्काम नाहीसा झाला, तर पुढचा गाठण्यास अंगातील चरबी पुरेलच असे नाही. २०१६ सालच्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले आणि त्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले. माणसांसाठी आगगाडी आली. पाखरांसाठी कोण आणणार? तलावातील गाळ काढून आपण पाणी राखले, तर ते आपल्याबरोबर त्यांच्याही उपयोगी पडते.

माणसांनी मनावर घेतले, तर काय होऊ शकते, याचे उदाहरण नागालँडच्या ग्रामस्थांनी घालून दिले आहे. २०१२ सालापर्यंत तेथील दोयांग जलाशयाच्या काठी अमूर ससाणे जाळ्यांत धरून मारले जात. त्या पक्ष्यांच्या प्रवासाची कथा कळल्यावर ग्रामस्थांनी शिकार थांबविली आणि २०१३ साली त्याच जागी त्यांचे रक्षण केले.

आपल्या भोरड्यांचेही असेच आहे. त्या ज्वारी खातात हे खरे. पण नाकतोडे व किडेही खातात. चीनच्या शिंजियांग प्रांतात तर त्यांनी टोळ खावेत म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधून दिल्या आहेत. फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलली, की भोरड्या त्यांवर उतरून मध पितात, म्हणून त्यांना पळसमैना असेही म्हणतात. त्या वेळी त्यांच्या परतीचे दिवस जवळ आलेले असतात. आपल्या बांधावरच्या फुलांतील तो गोडवा त्यांच्या अंगात चरबी होऊन साठतो आणि दूरच्या घरट्यापर्यंत त्यांना पोहोचवितो.

तेव्हा मुलांनो, शेताची राखण अवश्य करा. हाकारा घाला, डबा वाजवा, पाखरे उडवून लावा. पण गोफणीचा दगड थव्यावर नेम धरून सोडू नका आणि बांधावरचा पळस तोडू देऊ नका. हजारो किलोमीटरांवरून आलेल्या त्या पाहुण्याची परतीची शिदोरी आपल्याच गावात बांधली जात असते.