ज्याला दिवा दिसतो, त्याला कोण विचारतो?

‘ब्रेक किती जोरात दाबलाय हे मागच्या गाडीला कळवणारा दिवा तुमच्या कारला असावा, असं तुम्हाला वाटतं का?’ हा प्रश्न घेऊन कारच्या शोरूममध्ये कुणी उभं राहिलं, तर बहुतेक ग्राहक हो म्हणतील. सुरक्षिततेला नाही कोण म्हणेल? शिवाय समोर टॅब घेऊन उभ्या असलेल्या मुलीचं मन मोडणंही जिवावर येतं. मुलाखती संपतात, अहवालात ‘मागणी चांगली आहे’ असं लिहिलं जातं. पुढे तो दिवा खरोखर बाजारात येतो, त्यासाठी काही हजार रुपये जादा मोजायची वेळ येते, आणि तोच ग्राहक म्हणतो, ‘त्यापेक्षा सनरूफचं काय ते बघा.’

तो ग्राहक खोटं बोललेला नसतो. फुकटचा होकार आणि खिशातून पैसे काढणं या दोन गोष्टी मन वेगवेगळ्या जागी तोलतं, हे बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. पण गाडीच्या इशाऱ्यांच्या बाबतीत याहून अवघड एक गाठ आहे. सीट, एसी, म्युझिक सिस्टिम या वस्तू जो विकत घेतो तोच वापरतो. ब्रेकदिव्याचं तसं नाही. पैसे देणाऱ्याला तो गाडी चालवताना कधीच दिसत नाही. त्याचा अर्थ लावतो मागून येणारा अनोळखी माणूस. म्हणजे एका वस्तूचे ग्राहक दोन, आणि मुलाखत होते एकाचीच.

मागच्या काचेच्या मधोमध लागणारा तिसरा ब्रेकदिवा घ्या. तो इतका अंगवळणी पडलाय की नसेल तर गाडी अपुरी वाटावी. हा दिवा ग्राहकांच्या मुलाखतींतून आलेला नाही. 1974 मध्ये जॉन व्होएव्होडस्की या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या टॅक्सींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. 343 टॅक्सींच्या मागे मधोमध एक पिवळसर दिवा बसवला होता. वेग जितका झपाट्याने कमी होईल, तितका तो भरभर लुकलुकायचा. या टॅक्सींना मागून धडक बसण्याचं प्रमाण सुमारे 60 टक्क्यांनी घटलं.

टॅक्सीच का निवडल्या, हे समजून घेण्यासारखं आहे. टॅक्सी दिवसभर रस्त्यावर असते, त्यामुळे थोड्या काळात भरपूर अंतर कापलं जातं, आणि अपघाताची नोंद मालकाच्या दप्तरात होते. त्याहून मोठं कारण म्हणजे दिवा कुणाच्या हौसेवर सोडलेला नसतो. तोच दिवा दुकानात विकायला ठेवला असता, तर मुळातच जपून चालवणाऱ्यांनी तो आधी घेतला असता. मग अपघात कमी झाले ते दिव्यामुळे की माणसांमुळे, हे कधीच कळलं नसतं.

पुढे अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा विभागाने वॉशिंग्टनमधल्या सुमारे 2,100 टॅक्सींवर चार वेगवेगळ्या रचना तपासल्या. एका गटाला नेहमीचे दिवे, एका गटाला मधोमध उंचावर एक दिवा, एका गटाला उंचावर दोन्ही बाजूंना दिवे, आणि चौथ्यात ब्रेकचा दिवा मागच्या लाल दिव्यापासून वेगळा काढलेला. लोकांना विचारलं असतं तर एकापेक्षा दोन बरे, असंच म्हणाले असते. प्रत्यक्षात मधला एकटा दिवा सरस ठरला. त्याने मागून बसणाऱ्या धडका जवळपास निम्म्यावर आणल्या. टेलिफोन कंपन्यांच्या गाड्यांवर पुन्हा चाचणी झाली, निकाल साधारण तोच आला, आणि 1 सप्टेंबर 1985 पासून अमेरिकेत नव्या कारना हा दिवा सक्तीचा झाला.

मग मुलाखतींचा उपयोगच नाही का? आहे, पण प्रश्न बदलावा लागतो. स्वीडनचे ओला स्वेन्सन यांनी 1981 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अमेरिकेतल्या 93 टक्के आणि स्वीडनमधल्या 69 टक्के लोकांनी आपलं वाहनकौशल्य गटातल्या मधल्या माणसापेक्षा वरचं असल्याचं सांगितलं. हे गणितात बसणारं नाही, पण मनाचं गणित असंच चालतं. म्हणून ‘तुम्हाला अशा दिव्याची गरज आहे का?’ या प्रश्नाला मिळणारा होकार पुष्कळदा दुसऱ्यांसाठी असतो: हो, लोक फार बेशिस्त चालवतात, लावा दिवा. स्वतःसाठी पैसे मोजायची गोष्ट निघाली की तो होकार विरून जातो.

यावरची वाट विमानचालकांच्या अभ्यासातून निघाली. जॉन फ्लॅनॅगन यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना एक पद्धत बसवली आणि 1954 मध्ये ती सविस्तर मांडली. मत विचारायचं नाही, प्रसंग विचारायचा. शेवटचं असं कधी झालं? कुठे? त्याआधी तुम्ही काय करत होतात? नंतर काय केलंत? प्रसंग सांगताना माणूस आपली प्रतिमा सांभाळायला विसरतो आणि तपशील बाहेर येतात. समजा, एखादी संशोधक मुंबई-पुणे मार्गावरच्या टॅक्सीचालकाशी बोलतेय:

‘काका, मागच्या वेळी एकदम ब्रेक मारावा लागला, तो कुठे?’

‘परवाच. बोरघाटात. धुकं होतं, पुढचा कंटेनर जवळपास उभाच होता.’

‘मग तुम्ही काय केलंत?’

‘ब्रेक दाबला आणि पार्किंग लाइट लावले. मागच्याला कळायला नको?’

‘नेहमी लावता?’

‘पावसाळ्यात लावतोच. बटण शोधायला वेळ मिळाला तर.’

या मोजक्या ओळींत ‘हो, असा दिवा आवडेल’ या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. चालकाला मागच्याशी बोलायचं आहे, त्यासाठी त्याने हाताशी असलेली सोय वापरली आहे, आणि ती सोय ऐन वेळी हाताला लागत नाही, हे त्याने स्वतः सांगितलं. खरी मागणी अशी जुगाडातून दिसते. आपल्या रस्त्यांवर असे जुगाड पावलोपावली आहेत. घाट चढणारा ट्रक उजवा इंडिकेटर चालू करतो, त्याचा अर्थ कधी ‘मी उजवीकडे येतोय’, तर कधी ‘रस्ता मोकळा आहे, पुढे निघा’. चौकात सरळ जायचं म्हणून चारी इंडिकेटर लावणारे आहेत. पावसात चालत्या गाडीचे चारी दिवे लुकलुकत ठेवले की वळायचा इशारा त्यातच बुडतो, आणि गाडी उभी आहे की चालतेय हेही मागच्याला उमगत नाही. यातला प्रत्येक जुगाड म्हणजे ‘मला काहीतरी सांगायचंय आणि गाडीत त्यासाठी खूण नाही’ अशी तक्रारच आहे. कंपन्यांनी ती ऐकावी, असं मला मनापासून वाटतं.

मात्र जुगाड दिसला म्हणून कुणी आपल्या मनाने नवा दिवा लावू लागलं, तर तो आणखी एक गोंधळ होईल. इशाऱ्याचा अर्थ सगळ्यांचा एकच हवा, म्हणून त्याला नियमाची चौकट लागते. जोरात ब्रेक लागल्यावर मागचे दिवे आपोआप लुकलुकण्याची सोय आज अनेक गाड्यांत येते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार कारमध्ये ती ताशी 50 किलोमीटरच्या वरच्या वेगातच सुरू होऊ शकते, तीही साधारणपणे वेग दर सेकंदाला किमान 6 मीटर प्रतिसेकंदाने घटत असेल तरच. साध्या ब्रेकलाही दिवे लुकलुकले असते, तर आठवड्याभरात कुणी त्यांच्याकडे बघितलंही नसतं.

इशारा वाचणाऱ्याची मुलाखत कशी घ्यायची, याचं एक सुंदर उत्तर 2017 मध्ये व्हर्जिनियातल्या रस्त्यांवर दिसलं. चालकाविना गाडी पादचाऱ्याला ‘तुम्ही जा’ हे कसं सांगणार, असा फोर्ड कंपनी आणि व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संशोधन संस्थेपुढचा प्रश्न होता. त्यांनी गाडीच्या सीटसारखा पोशाख शिवला आणि त्यात माणूस बसवला. गाडी चालवत तोच होता, पण बाहेरून सीट रिकामी दिसायची. पुढच्या काचेच्या वर दिव्यांची पट्टी होती: थांबून वाट देताना दोन पांढरे ठिपके इकडून तिकडे सरकायचे, निघताना दिवा भरभर लुकलुकायचा. कॅमेऱ्यांनी लोकांचं वागणं टिपलं. रस्ता ओलांडणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. तो थबकला की पुढे गेला, हेच त्याचं उत्तर.

नव्या खुणेची परीक्षा पहिल्या दिवशी संपत नाही, हेही तिसऱ्या दिव्याने दाखवलं. चाचणीत 50-60 टक्क्यांचा फायदा दिसला, कारण हजारो गाड्यांत तो एखाददुसऱ्याच गाडीवर होता आणि डोळ्यांत भरायचा. तो सगळीकडे आल्यावर नवलाई ओसरली. 1998 मध्ये अमेरिकी सरकारने केलेल्या मोजमापात मागून होणाऱ्या धडकांतली घट 4.3 टक्के एवढीच उरली. तरीही सगळ्या गाड्यांवर दिवा असेल तेव्हा वर्षाला दोन लाखांच्या आसपास अपघात टळतील, असा त्यांचा हिशेब होता. दिव्याच्या किमतीच्या मानाने हा सौदा फार स्वस्त आहे.

भारतात रस्ते अपघातांपैकी सुमारे एक पंचमांश मागून बसलेल्या धडकेचे असतात, आणि 2022 मध्ये रस्त्यावर गेलेल्या 1,68,491 जणांपैकी 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होते. आपल्याकडे कारच्या मागे बऱ्याचदा दुचाकीच असते. पावसात हेल्मेटची काच पुसत, एका हाताने तोल सावरत तो दुचाकीस्वार पुढच्या कारचे दिवे वाचतो. एलईडी दिवा लगेच उजळतो, जुन्या बल्बच्या तारेला पूर्ण तापायला साधारण 0.2 सेकंद लागतात. ताशी 80 किलोमीटर वेगात तेवढ्यात सुमारे साडेचार मीटर अंतर कापलं जातं. कारमालक एलईडी दिसायला छान म्हणून विकत घेतो, आणि या फरकाचा उपयोग मागच्याला होतो. नव्या ब्रेकदिव्याबद्दल मुलाखती घ्यायच्याच असतील, तर शोरूमइतकाच वेळ सर्व्हिस रोडवरच्या चहाच्या टपरीपाशी, हेल्मेट काढून उभ्या असलेल्या लोकांशी बोलण्यात घालवावा. पहिला प्रश्न असा असू शकतो: ‘पुढची गाडी थांबतेय हे शेवटचं उशिरा कधी कळलं, आणि तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं?’