सात सेंटीमीटरची मुळी

बांधावरची ढोरगुंज पाहत वाढलेल्या मराठी माणसाला नीमचच्या मंडीत चकवा बसतो. त्याच्या ओळखीचं झुडूप कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत वाढणारं. पाणी असो नसो, वर्षानुवर्षं तिथंच उभं. पातळ कागदी पिशवीत मणी ठेवावा तशी त्याची लाल फळं आणि खणायला जावं तर काथ्यासारखं चिवट मूळ. इथे मात्र ताडपत्रीवर ओतलेली मुळं खडूच्या कांड्यांसारखी पडलेली असतात. बांधावरची ती आणि मंडीतली ही, दोन्ही अश्वगंधाच. पुस्तकातलं शास्त्रीय नावही एकच: विथानिया सोम्निफेरा.

ढिगाशेजारी एक बाई निवडायला बसली आहे. समोर चार वाटे. पहिल्यात जाणारी मुळी केवढी हवी, असं विचारलं तर ती तर्जनी पुढे धरते. "सात सेंटीमीटर." पट्टी कुठेच नाही. मुळी बोटाला लावायची, जाडी चिमटीत जोखायची, टाकायची. पहिल्या प्रतीची मुळी सात सेंटीमीटरपर्यंत लांब, एक-दीड सेंटीमीटर जाड, भरीव आणि आतून पांढरीशुभ्र. दुसरी पाचाची, तिसरी तीन-चाराची. चौथ्या वाट्यात पोकळ, पिवळट, बारीक तुकडे.

पावसाळ्यात पेरलेलं पीक 150 ते 180 दिवसांनी पानं वाळू लागली, फळं रंगली की उपटतात. मुळं छाटतात, वाळवतात, काठीने बडवून माती झाडतात.

ओलं मूळ उपटताना घामेजलेल्या घोड्यासारखा वास येतो. नाव त्यावरूनच पडलं. मंडीत पोचेपर्यंत तो बराचसा उडालेला असतो. तरी ती बाई अधूनमधून एखादी मुळी नाकाशी नेते. ती कोणत्या वाट्यात जाणार, हे मात्र त्या वासावर ठरत नाही. ते ठरतं तिच्या बोटावर.

व्यापारी या मालाला अजूनही 'नागोरी' म्हणतात. नागौर राजस्थानात, नीमच मध्य प्रदेशात. पण गावाचं नाव मालाला चिकटलं ते चिकटलंच. ते पोकळही नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डीएनएच्या खुणा ताडून पाहिल्या, तेव्हा नागोरी आणि काश्मिरी अश्वगंधा स्पष्टपणे वेगळ्या गटांत पडल्या. जम्मूच्या संशोधकांनी तर पुढे जाऊन शेतातल्या अश्वगंधेला स्वतंत्र जात मानावं, असं सुचवलं आणि तिला नाव दिलं विथानिया अश्वगंधा. त्यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचं एकमत नाही. ढोरगुंज आणि खडूची कांडी शेजारी ठेवून पाहिली, तर जम्मूकरांची बाजू घ्यावीशी वाटते.

वेगळेपण टिकतं कसं, याचं एक कारण फुलात आहे. अश्वगंधेचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागांनी फळतं. शेजारच्या झाडाशी देवाणघेवाण कमी. त्यामुळे एका मुलखातल्या झाडांचे गुण पिढ्यान्‌पिढ्या तिथंच मुरत राहतात. अर्थात माती आणि पाणीही मुळाचा घाट बदलतात. रक्ताचं किती आणि रानाचं किती, हे सोडवायची जुनी युक्ती म्हणजे ठिकठिकाणचं बियाणं आणून एकाच वावरात पेरायचं. तिथंही जो फरक उरतो, तो बियाण्याचा.

इस्रायलमध्ये डेव्हिड लवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 साली दाखवलं, की त्या छोट्याशा देशातही अश्वगंधेचे तीन रासायनिक प्रकार आहेत. दिसायला सारखे, पण एकात विथाफेरिन-ए मुख्य, दुसऱ्यात विथॅनोलाइड-डी, तिसऱ्यात आणखी निराळी संयुगं. पुढे या प्रकारांचे संकर केले, तेव्हा आईबापांत न सापडलेली द्रव्यंही लेकरांत निघाली.

ही द्रव्यं डोळ्यांना दिसत नाहीत. मुळी मोडल्यावर दिसतो तो पिठूळ स्टार्च. त्यानेच ती पांढरी दिसते आणि कट्‌कन तुटते. म्हणजे सात सेंटीमीटरची पांढरीशुभ्र मुळी पिठूळ आहे एवढं नक्की. तिच्यात ती द्रव्यं, म्हणजे विथॅनोलाइड, किती हे बोट सांगू शकत नाही. जवाहर असगंध-20, पोषिता, निमित्ली-118 असे निवडून काढलेले वाण आज आहेत. अर्क काढणारा कारखानदार विथॅनोलाइडची टक्केवारी विचारतो. ताडपत्रीवर मात्र सगळे मिसळलेले, बियाण्याची जात कुठल्याच पोत्यावर लिहिलेली नाही. शेतकऱ्याच्या पदरात पडणारा भाव अजून त्या बोटावरच ठरतो. हा हिशेब त्याच्या बाजूचा वाटत नाही. निवडणाऱ्या बाईचा त्यात काय दोष? तिला जे मोजायला सांगितलं, ते ती बिनचूक मोजते.

दुपारी एक व्यापारी येतो. पहिल्या वाट्यातली जाडजूड मुळी उचलतो आणि मधोमध मोडतो. कट्. आतला पांढरा रंग उन्हाकडे धरून बघतो, मान डोलावतो, दोन्ही तुकडे परत त्याच वाट्यात टाकून पुढे जातो.

बाई ते तुकडे उचलते, एकेक बोटाला लावून बघते. साडेतीन, साडेतीन. आणि दोन्ही तिसऱ्या वाट्यात टाकते.